दुकान वाढविण्याची वेळ

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, गुलमंडीवर रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास एक नित्याचा विधी चालतो. गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरते. दिवसभर उलगडलेले कापडाचे तागे पुन्हा गुंडाळले जाऊन फळीवर चढतात. गल्ला मोजला जातो, रोजमेळ लिहिला जातो, देवाच्या तसबिरीपुढे हात जोडले जातात आणि लोखंडी दार खडखडत खाली येते. जुन्या वळणाचा व्यापारी या क्रियेस ‘दुकान बंद केले’ असे कधी म्हणत नाही. ‘बंद’ हा शब्द त्याला अशुभ वाटतो. तो म्हणतो, ‘दुकान वाढविले.’ उद्या पुन्हा उघडावयाचे असेल तर आज वेळेवर मिटले पाहिजे, हे व्यवहाराचे शहाणपण त्या एका शब्दात साठविलेले आहे.

आता अशाच एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर काय चालले असेल, याची कल्पना करावी. दुकानदाराचा सव्वीस वर्षांचा मुलगा पुण्याच्या एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत घरी बसून काम करण्याची जी रीत पडली ती पुष्कळशी अजून टिकून आहे, त्यामुळे आठवड्यातील काही दिवस त्याची कचेरी म्हणजे ही वरची खोली. सकाळी दहाला त्याने संगणक उघडला, तो अद्याप उघडाच आहे. वडील जिना चढून येतात आणि म्हणतात, “अरे, अजून चाललेच आहे का तुझे? मी दुकान वाढवून आलोसुद्धा.” मुलगा मान वर न करता उत्तर देतो, “झालेच बाबा, एवढे एकच पाहतो.” ते ‘एक’ मध्यरात्रीपर्यंत संपत नाही. ताट निवते, आई दोनदा हाक मारून गप्प बसते, आणि सकाळी जाग येताच, चूळ भरण्याच्याही आधी, मुलाचा हात उशाशी ठेवलेल्या फोनकडे जातो.

घरातील वडीलधाऱ्यांना या मुलाचा थकवा समजत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ज्यांनी उन्हातान्हात गाठोडी वाहिली, दिवसाचे दहा-बारा तास गिऱ्हाइकांशी घसा कोरडा केला, त्यांना खुर्चीवर बसून, पंख्याखाली, बोटे हलवून केलेल्या कामाने माणूस खचावा हे नवलाचेच वाटणार. “बसून तर काम, त्यात एवढे काय?” हा प्रश्न आज महाराष्ट्रातील असंख्य घरांत विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही आहे. मात्र ते मिळविण्यासाठी या तरुणाच्या टेबलावर दिवसभरात काय काय येऊन पडते, ते प्रथम पाहिले पाहिजे.

जुन्या सरकारी कचेरीत ‘बारनिशी’ नावाचे एक टेबल असे. बाहेरून येणारे प्रत्येक पत्र प्रथम तेथे जाई. बारनिशीचा कारकून त्यावर क्रमांक घाली, आवक नोंदवहीत नोंद करी, कागद कोणत्या टेबलाचा हे ठरवी आणि शिपायाकरवी तेथे पोचवी. टपाल ठराविक वेळी येई आणि ठराविक वेळी वाटले जाई. ज्याच्याकडे कागद जाई त्याला दोन गोष्टींची खात्री असे: हा कागद आपलाच आहे, आणि आता दुपारपर्यंत दुसरा येणार नाही. आजच्या संगणकीय कचेरीतून बारनिशीचे टेबल नाहीसे झाले आहे. तिचे काम मात्र नाहीसे झालेले नाही. ते प्रत्येक तरुण नोकराच्या डोक्यावर आले आहे. ई-मेल, व्हॉट्सअॅपवरील पाच-सात गट, कंपनीची स्वतःची निरोपयंत्रणा, बैठकीची बोलावणी, कामाच्या प्रगतीचे फलक, ‘माहितीसाठी प्रत’ म्हणून आलेली पत्रे, असे सर्व मार्ग एकाच वेळी उघडे असतात. यातील बराच भाग त्याचा नसतो. परंतु तो आपला नाही हे कळण्यासाठीही तो वाचावा लागतो. पत्र फुकट पाठविता येते, म्हणून पाठविणारा दहांऐवजी पन्नासांना पाठवितो. वाचण्यास लागणारा वेळ मात्र पन्नासांच्याच पदरचा जातो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच या गोष्टीचे मर्म सांगून ठेविले होते. माहिती ज्याला खाते ती वस्तू म्हणजे ऐकणाऱ्याचे लक्ष. म्हणून माहितीची सुबत्ता झाली की लक्षाचा दुष्काळ पडावयाचाच, असा त्यांचा विचार होता. त्या वेळी टेबलावर संगणक नव्हता आणि खिशात फोनही नव्हता. आज ते अनुमान घरोघरी अनुभवास येत आहे.

लक्ष ही वस्तू मुळातच किती तोकडी आहे, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी बराच घेतला आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली असे दाखविले की माणूस एका वेळी सुमारे सात सुट्या गोष्टी मनात धरू शकतो. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी हा आकडा आणखी खाली आणला. त्यांच्या मते खरी मर्यादा चारच्या आसपास आहे. पदवी किंवा पगार यांनी ही मर्यादा फारशी हलत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळताना मन पहिले काम पूर्णपणे सोडून येत नाही. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली हे प्रयोगांनी दाखविले आणि मागे रेंगाळणाऱ्या त्या अंशाला ‘लक्षाचा अवशेष’ असे नाव दिले. पहिले काम अर्धवट राहिले असेल तर हा अवशेष अधिक चिकट असतो आणि दुसरे काम त्याने खराब होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापिका ग्लोरिया मार्क यांनी कचेरीत काम करणाऱ्यांच्या पाठीमागे अक्षरशः घड्याळ घेऊन बसून मोजणी केली. २००४ च्या सुमारास पडद्यावरील एका गोष्टीवर माणूस सरासरी अडीच मिनिटे टिकत होता. अलीकडच्या काळात ही सरासरी ४७ सेकंदांपर्यंत खाली आल्याचे त्यांनी नमूद केले आहे.

कोणी म्हणेल, गुलमंडीवरचा कापडदुकानदार तरी दुसरे काय करतो? दिवाळीच्या दिवसांत एकाच वेळी चार गिऱ्हाइके समोर, एकीला पैठणी दाखवावयाची, दुसऱ्याला सदऱ्याचे कापड फाडून द्यावयाचे, तिसऱ्याशी घासाघीस करावयाची. तो कसा खचत नाही? याचे उत्तर दुकानातच आहे. त्याची गिऱ्हाइके त्याला दिसतात आणि त्यांनाही तो दिसतो. त्याचे हात गुंतलेले पाहून पाचवे गिऱ्हाईक आपण होऊन बाकावर बसते. एखादा तागा उलगडला की तो विकला तरी जातो, नाही तर गुंडाळला तरी जातो. काम डोळ्यांदेखत संपते. आणि रात्री दार खाली येते. वरच्या मजल्यावरील मुलाला यांपैकी काहीच लाभत नाही. निरोप पाठविणाऱ्या पन्नास माणसांना त्याचे गुंतलेले हात दिसत नाहीत. प्रत्येकाला वाटते, आपले काम दोन मिनिटांचे. त्याच्यापुढे दिवसभर तागे उलगडत जातात आणि गुंडाळला एकही जात नाही.

या शहराला हा प्रश्न समजावून देणारे एक उदाहरण शहरातच उभे आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली, तेच पुढचे औरंगाबाद. या नगरास पाणी पुरविण्यासाठी त्याने नहर बांधली, आणि नंतरच्या काळात पाणचक्कीची व इतर नहरी तयार झाल्या. डोंगराकडील झऱ्यांचे पाणी जमिनीखालून, खापराच्या नळांतून व चिरेबंदी मार्गांतून, उताराच्या जोरावर शहरात येई. पाणी भरपूर होते आणि उतारही चांगला होता. पण तेवढ्याने नहर चालली नसती. बंद नळातून वाहणाऱ्या पाण्याचा दाब वाढतो, त्यात हवा कोंडते आणि नळ फुटतात. म्हणून त्या कारागिरांनी वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे बांधले. पाणी त्यांत वर चढे, कोंडलेली हवा सुटे, दाब उतरे आणि मग शांत झालेले पाणी पुढच्या टप्प्याला लागे. पाण्याला थांबण्याच्या या जागा होत्या, म्हणूनच ते दूरवर पोचू शकले. आजच्या कचेरीने माहितीची नहर मोठी केली, उतारही वाढविला. मात्र वाटेतील मनोरे पाडून टाकले. मग नळ फुटतो, आणि फुटलेल्या नळालाच लोक ‘कच्चा’ म्हणतात.

या फुटण्याला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात आणि तो शब्द आता मराठी घरांतही येऊन बसला आहे. समईचे उदाहरण घेतले तर अर्थ चटकन ध्यानी येईल. समईत तेल आहे तोवर वात तेल जाळते. तेल संपले की वात स्वतःच जळू लागते. उजेड थोडा वेळ तसाच दिसतो, किंबहुना क्षणभर भडकतो. मग काजळी आणि धूर. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात सेवाभावाने काम करणाऱ्या तरुणांची अशी अवस्था हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी पाहिली आणि १९७४ साली तिचे वर्णन करून हा शब्द शास्त्रात रूढ केला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ते तरुण आळशी नव्हते. जे सर्वांत उत्साही होते तेच आधी जळाले. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ साली या अवस्थेचे मोजमाप सिद्ध केले. त्यांनी तिची तीन लक्षणे सांगितली. पहिले, झोपेने न भरून येणारा थकवा. दुसरे, कामाविषयी व माणसांविषयी येणारी कडवट अलिप्तता. तिसरे, आपल्या हातून काहीच धड होत नाही अशी भावना.

साधा शीण आणि ही अवस्था यांतील भेद या तीन लक्षणांवरून कळतो. शेतकरी संध्याकाळी दमतो, पण आपल्या उभ्या पिकाचा त्याला तिटकारा येत नाही. एक रात्र गाढ झोपला की तो ताजा होतो. उलट, जो मुलगा पूर्वी आपल्या कामाविषयी जेवताना उत्साहाने सांगत असे तो ‘चालले आहे’ एवढ्यावर बोलणे संपवू लागला, मित्रांना टाळू लागला, सुटीच्या दिवशीही चिडचिडा राहू लागला आणि ‘मला हे जमतच नाही’ असे वारंवार म्हणू लागला, तर घरच्यांनी ती केवळ दमणूक समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली आणि २०२२ पासून ते वर्गीकरण अमलात आले. या नोंदीत तिने त्याला रोग म्हटलेले नाही. नोकरीशी निगडित अशी घटना म्हटले आहे, आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, नीट न हाताळलेला ताण हे त्याचे मूळ सांगितले आहे. याचा अर्थ असा की दोष केवळ वातीत शोधून भागणार नाही. तेल कोण घालतो आणि दिवा किती वेळ तेवत ठेवतो, हेही पाहिले पाहिजे.

दिवा मालवण्याचे महत्त्व शास्त्रानेही मान्य केले आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांनी नोकरदारांच्या विश्रांतीचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यांच्या मते शरीराने कचेरीबाहेर पडणे पुरेसे नाही. मनाने कामापासून अलग होता आले तरच गमावलेली शक्ती भरून येते. फोन उशाशी असेल आणि तो केव्हाही वाजेल अशी धास्ती असेल, तर तो रात्रभर वाजला नाही तरी मन अलग होत नाही. रात्रपाळीचा पहारेकरी चोर आला नाही म्हणून झोपला असे होत नाही. आणि जेथे तासच बेसुमार वाढतात तेथे मामला मनापुरता राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू या कारणाशी जोडलेले आढळले.

महाराष्ट्राला या प्रश्नाने २०२४ साली हादरा दिला. पुण्यातील एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेत नोकरीस लागून जेमतेम चार महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल जुलै महिन्यात मरण पावली. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांस लिहिलेले पत्र सप्टेंबरात प्रसिद्ध झाले. कामाच्या बेसुमार भाराने आपली मुलगी खचली, असे त्या मातेचे म्हणणे होते. केंद्रीय श्रम मंत्रालयाने चौकशी करण्याचे जाहीर केले. एखाद्या मृत्यूचे कारण ठरविणे हे वैद्यांचे व चौकशीचे काम आहे. परंतु त्या पत्रानंतर घरोघरीच्या आईबापांनी आपल्या मुलांच्या दिनक्रमाकडे निराळ्या नजरेने पाहिले, ही गोष्ट लहान नव्हे.

असा प्रसंग आला की ‘काळच असा आला आहे, त्याला इलाज काय?’ असे म्हणण्याची प्रवृत्ती असते. येथे महाराष्ट्राचा स्वतःचाच इतिहास उपयोगी पडतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत सुरुवातीस काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले आणि आठवड्याची हक्काची सुटी नसे. महात्मा फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर केला. आठवड्यातून एक दिवस सुटी, ही त्यातील प्रमुख मागणी. मागणी मान्य होण्यास सहा वर्षे लागली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. आज ज्या रविवारी घरोघर निवांतपणे चहा होतो तो रविवार पंचांगातून आलेला नाही. तो माणसांनी मागून मिळविलेला आहे.

याच इतिहासाचा पुढील भाग आजच्या प्रश्नाशी अधिक जुळतो. रविवार मिळाला तरी रोजच्या तासांना मर्यादा घालणारा एकच पहारेकरी होता, तो म्हणजे सूर्य. अंधार पडला की गिरणी थांबे. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तो पहारेकरी कामावरून दूर झाला. दिवे आले म्हणून कामगाराचे श्रम हलके झाले नाहीत. दिवस मात्र चौदा-पंधरा तासांचा झाला. कामगार रस्त्यावर उतरले, वृत्तपत्रांत चर्चा झाली, चौकशी मंडळे बसली, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुष कामगारांचा दिवस १२ तासांचा ठरला. त्यानंतर ही मर्यादा पायरीपायरीने खाली आली: १९२२ साली आठवड्यास ६० तास, १९३४ साली बारमाही कारखान्यांसाठी ५४ आणि १९४६ साली ४८. हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे होते आणि औरंगाबाद त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. तथापि गिरणीचे जिणे या शहरालाही अपरिचित नव्हते. १८८९ साली तेथे कापडगिरणी उभी राहिली आणि सुमारे ७०० माणसे तिच्यात कामास लागली होती.

आज घडत आहे ते याच गोष्टीचे दुसरे आवर्तन होय. विजेच्या दिव्याने सूर्यास्त पुसला, तसा खिशातील फोनने कचेरीचा दरवाजा पुसला. पूर्वी दाराबाहेर पडणे म्हणजे काम संपणे, हे इतके उघड होते की ते कोणाला लिहून ठेवावे लागले नाही. आता दारच उरले नाही, तेव्हा ते नव्याने बांधावे लागेल. सूर्य पुसला गेल्यावर कायद्याने घड्याळ आणले, त्याप्रमाणेच.

असे दार बांधण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काविषयी नोकरांशी वाटाघाट करणे भाग पडले. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ मध्ये असाच हक्क अमलात आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत या आशयाचे खाजगी विधेयक मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. १९७० नंतर एकाही खाजगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, हे खरे. परंतु विषय संसदेच्या पटावर आला, हेही खरे. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ साली झालेल्या कायद्याने दिवसाचे ९ व आठवड्याचे ४८ तास ठरविले. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. परंतु तासांचा हिशेब दाराशी होतो. रात्री साडेअकराला फोनवर पाहिलेला निरोप कोणत्या तासात धरावयाचा, हा खरा पेच आहे.

या विचारावर आक्षेप घेता येतात आणि ते पोकळ नाहीत. परदेशचे गिऱ्हाईक जागे होते तेव्हा येथे रात्र असते. धंदा हवा तर ती रात्र सोसली पाहिजे. शिवाय ज्या फोनने दार पुसले त्याच फोनने हा मुलगा गुलमंडीवर, आईबापांजवळ राहू शकला. एरवी तो पुण्यात एखाद्या भाड्याच्या खोलीत असता. हे दोन्ही मान्य केले पाहिजे. पण रात्री काम असणे निराळे आणि रात्रंदिवस काम असणे निराळे. रेल्वे, इस्पितळ, वीजकेंद्र ही चोवीस तास चालतात, तीच माणसे चोवीस तास जागवून नव्हे, पाळ्या लावून. पाळीचा माणूस रात्रभर जागतो आणि सकाळी निर्धास्त झोपतो, कारण त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. संगणकीय कचेरीने चोवीस तासांचा धंदा घेतला आणि पाळी घेतली नाही, ही तिची चूक आहे.

तेव्हा पहिले कर्तव्य कचेरीचे. रात्री कोणी उपलब्ध असावयाचे ते आळीपाळीने ठरवावे आणि इतरांना मोकळे सोडावे. खरोखर तातडीचे असेल तर प्रत्यक्ष फोन करावा. बाकी सारे उद्या वाचण्यासाठी आहे, असा स्पष्ट संकेत असावा. ‘माहितीसाठी प्रत’ पाठविण्यापूर्वी ती कोणासाठी व कशासाठी, हे पाठविणाऱ्याने स्वतःस विचारावे. म्हणजे बारनिशीचे काम पाठविणाऱ्याच्या टोकाशी होईल. जर्मनीतील फोक्सवागन कंपनीने २०११ साली काही नोकरांच्या बाबतीत असा बंदोबस्त केला होता की पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने त्यांच्या फोनवर ई-मेल पोचणेच थांबे आणि दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्यापूर्वी अर्धा तास ते पुन्हा सुरू होई. मोटारी बनविण्याच्या धंद्यात हे जमले, तर ते इतरत्रही जमण्याजोगे आहे.

दुसरे कर्तव्य तरुणाचे स्वतःचे. पण त्याच्या आवाक्यातील तेवढेच त्याच्याकडून मागावे. कॅनडातील कुश्लेव व डन या संशोधकांनी २०१५ साली १२४ माणसांवर प्रयोग केला. आठवडाभर ई-मेल दिवसातून तीनदाच पाहावयाचे, आणि दुसऱ्या आठवड्यात हवे तितक्या वेळा. तीनदाच पाहण्याच्या आठवड्यात त्याच माणसांचा ताण कमी आढळला. म्हणजे टपालाच्या जुन्या वेळा काही अडाणीपणाच्या नव्हत्या. दुसरा उपाय तर वडिलांच्याच दुकानात आहे. व्यापारी रोजमेळ लिहितो तेव्हा दिवसभराचे सर्व येणे वसूल झालेले असते असे नाही. तो जमा लिहितो, खर्च लिहितो आणि शेवटी ‘श्री शिल्लक’ लिहून वही मिटतो; शिल्लक उद्याच्या पानावर जाते आणि त्याच्या डोक्यातून उतरते. मॅसिकॅम्पो व बाउमायस्टर यांनी २०११ साली प्रयोगांनी हेच दाखविले की अपुरे काम मनाला टोचत राहते, पण ते केव्हा व कसे करावयाचे याचा नेमका बेत आखला की, काम पुरे झालेले नसतानाही, टोचणी थांबते. संध्याकाळी दहा मिनिटे देऊन उरलेल्या कामांचा असा रोजमेळ कागदावर लिहावा आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा. उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ पुरते.

तिसरे कर्तव्य घराचे, आणि ते बहुधा सर्वांत आधी करता येण्यासारखे आहे. ‘बसून तर काम’ हे वाक्य घरातून काढून टाकावे. जेवणाच्या वेळी सर्वांचेच फोन, वडिलांचाही, बाजूला राहावेत. मुलाने नोकरी बदलण्याचा किंवा बढती नाकारण्याचा विचार बोलून दाखविला तर ‘लोक काय म्हणतील’ यापूर्वी ‘तुला काय होते’ हे विचारावे. आणि झोप उडणे, भूक जाणे, जगण्याचाच कंटाळा येणे अशी लक्षणे दिसू लागली तर उपदेश थांबवून डॉक्टरकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. या कामी संकोच करणे म्हणजे पाय मोडल्यावर लंगडणे लपविण्यासारखे आहे.

गुलमंडीवरील त्या वरच्या खोलीत एखाद्या रात्री असे घडावे. वडील नेहमीप्रमाणे वर येतात. या वेळी मात्र काही न विचारता मुलाशेजारी बसतात. मुलगा उरलेल्या चार कामांची यादी कागदावर लिहितो, प्रत्येकापुढे उद्याची वेळ घालतो. वडील ती वाचतात. त्यातील एकही शब्द त्यांना कळत नाही, पण कागदाची रीत त्यांना चांगली ठाऊक असते. ते म्हणतात, “खाली ‘श्री शिल्लक’ लिही, आणि मीट.” मुलगा हसतो आणि संगणक मिटतो. एवढ्याने त्याच्या कंपनीच्या रात्री बदलत नाहीत. त्या बदलण्यास लोखंड्यांच्या सहा वर्षांसारखी वर्षे लागतील, आणि मागणारी माणसेही लागतील. परंतु ताट अजून गरम असते, आई जेवण वाढते, आणि खाली रस्त्यावर शेवटचे दुकान वाढविल्याचा आवाज येतो.